फोन वाजण्याआधीची खरखर

महालयाच्या पहाटे चार वाजता कोलकात्यातील असंख्य घरांत रेडिओ लावला जातो. आकाशवाणीवरील ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम आणि त्यातील बीरेंद्रकृष्ण भद्र यांचा चंडीपाठ ऐकल्याशिवाय तेथे दुर्गापूजेची चाहूल लागत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या अशाच एका पहाटे उत्तर कोलकात्यातील एका घरात एक निवृत्त शिक्षक डोळे मिटून ऐकत बसले होते. रेडिओ जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला होता, खोलीच्या दोन कोपऱ्यांत लाकडी पेटीतले दोन मोठे स्पीकर होते आणि अ‍ॅम्प्लिफायरवर कुणीतरी घरातला एकुलता एक मोबाइल ठेवून दिला होता.

पाठ रंगात आलेला असताना स्पीकरमधून अचानक ‘टक्-टक्-टर्र, टक्-टक्-टर्र’ असा कर्कश आवाज आला. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकणारी नात स्वयंपाकघरातून म्हणाली, “दादू, काकांचा फोन येतोय.” तिचे वाक्य संपते न संपते तोच फोन वाजू लागला. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि तिथल्या मुलाला हा पाठ वडिलांबरोबर ऐकायचा होता. नातीने फोन पुढे केला. आजोबांनी हात हलवला. “तूच बोल. मला काही ऐकू येत नाही.”

आजोबा श्रवणयंत्र वापरत. पण खोलीतले बोलणे त्यांना नीट ऐकू येई, चंडीपाठातला शब्द न् शब्द कळे. फक्त मोबाइल कानाशी नेला की श्रवणयंत्रात गुरगुर सुरू होई आणि समोरच्याचा आवाज तिच्यात बुडून जाई. कान आता पुरताच गेला, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती आणि ती कोणाला सांगितलीही नव्हती. कित्येक महिने मुलाशी त्यांचे बोलणे नातीच्या तोंडून चालले होते. ‘बाबा विचारतायत…’, ‘काका म्हणतायत…’ असा तो संवाद होता.

स्पीकरमधली ती खरखर आणि आजोबांच्या कानातली गुरगुर एकच आहेत, हे नातीच्या त्या दिवशी लक्षात आले. मग तिने त्या आवाजाचा माग काढायचे ठरवले.

मराठीत या विषयासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि तो फरक इथे उपयोगी पडतो. दोन तरंग एकमेकांवर पडून कुठे वाढतात, कुठे नाहीसे होतात, त्या घटनेला पाठ्यपुस्तके ‘व्यतिकरण’ म्हणतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग त्यातून येतात. फोनमुळे स्पीकर खरखरतो तेव्हा घडतो तो ‘व्यत्यय’. त्यात दोन तरंगांची गाठ पडत नाही. एका यंत्राचे तरंग दुसऱ्या यंत्राच्या आतल्या भागात शिरतात आणि ते यंत्र त्यांना आपलेच काम समजून बसते.

तरीही कोडे उरतेच. त्या काळातले जीएसएम फोन भारतात मुख्यतः ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९० कोटी आंदोलने. माणसाचा कान फार तर २०,००० आंदोलनांपर्यंत पोचतो आणि उतारवयात त्याहून बराच खाली थांबतो. स्पीकरचा पडदाही इतक्या वेगाने हलू शकत नाही. मग ऐकू येते ते नेमके काय?

पहिला धागा घरातल्या हार्मोनियमने दिला. बंगाली घरात हार्मोनियम नसणे विरळाच. नातीने मैत्रिणीला फोन लावला, फोन स्पीकरजवळ ठेवला आणि बोलणे चालू असताना येणारी सलग गुणगुण हार्मोनियमच्या पट्ट्यांशी ताडून पाहिली. पांढरी सहा दाबली तेव्हा सूर जवळजवळ जुळला, पण पुरता नाही. दोन्ही आवाज एकत्र ऐकताना सेकंदाला सुमारे तीन वेळा चढ-उतार जाणवत होता. पांढरी सहाचा तो स्वर २२० हर्ट्झचा. दोन जवळच्या स्वरांतला चढ-उतार त्यांच्या वारंवारतांमधील फरकाइतका असतो. म्हणून गुणगुणीची वारंवारता २२३ किंवा २१७ असली पाहिजे. आणि कानाला ती किंचित उतरलेली लागत होती. म्हणजे २१७.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयातील दूरसंचाराच्या पुस्तकात तिला हीच संख्या वेगळ्या वेषात सापडली. जीएसएम पद्धतीत एकाच वारंवारतेच्या वाहक तरंगावर आठ फोन आळीपाळीने बोलतात. चाळीतल्या एका नळावर आठ घरांनी पाणी भरावे, प्रत्येकाने आपल्या पाळीला बादली लावावी आणि लगेच बाजूला व्हावे, तशी ही व्यवस्था आहे. आठ पाळ्यांची एक फेरी ४.६१५ मिलिसेकंदांत पुरी होते. प्रत्येक फोनच्या वाट्याला त्यातले ०.५७७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात फोन पूर्ण जोराने प्रक्षेपण करतो आणि उरलेल्या सात पाळ्या गप्प बसतो. एका सेकंदात अशा २१७ फेऱ्या होतात.

म्हणजे फोनमधून सलग तरंग निघतच नव्हता. सेकंदाला २१७ वेळा तो चालू होत होता आणि २१७ वेळा बंद. आत ९० कोटींची आंदोलने, बाहेर २१७ ची ठेका धरलेली उघडझाप. कानाला त्या आंदोलनांचा गंधही नव्हता. त्याला ऐकू येत होती ती उघडझाप. मैत्रिणीच्या घरी दुसऱ्या कंपनीचा १८०० मेगाहर्ट्झवरचा फोन होता. तो आणून पाहिला तेव्हा वाहक तरंगाची वारंवारता दुप्पट झाली, पण गुणगुणीचा सूर तसूभरही हलला नाही. एवढा एक प्रयोग अनुमान पक्के करायला पुरेसा होता.

आवाज कर्कश का, याचेही उत्तर त्याच फेरीत आहे. बासरीच्या स्वरासारखा गुळगुळीत चढ-उतार इथे नाही. आहेत ते बारीक, टोकदार झटके. अशा झटक्यांत २१७ बरोबर ४३४, ६५१, ८६८ अशा त्याच्या पटींतल्या वारंवारताही जोरकसपणे येतात. झटका फेरीच्या बरोबर एक-अष्टमांश लांबीचा असल्यामुळे आठवी पट, म्हणजे १,७३६ हर्ट्झच्या आसपासची, तेवढी गळून पडते. शिवाय बोलणे चालू असताना दर सव्विसाव्या फेरीत फोन आपली पाळी सोडतो, त्यामुळे गुणगुणीत सेकंदाला सुमारे आठ वेळा बारीक थरथर जाणवते. ज्याच्या कानाला सवय आहे त्याला या एका आवाजात जीएसएमचे सगळे वेळापत्रक ऐकू येईल.

आणि फोन वाजण्याआधी ऐकू येणारे ते ‘टक्-टक्-टर्र’? ते नातीचे भविष्यज्ञान नव्हते. कॉल आला की मनोरा आधी त्या फोनच्या नावाने हाक देतो. फोन तात्काळ ‘आहे’ म्हणून उत्तर देतो. मग दोघांत ओळख पटवणे, गुप्ततेची बोलणी, मार्ग ठरवणे अशी देवघेव होते. या टप्प्यात फोन प्रत्येक फेरीत बोलत नाही. लागोपाठ चार फेऱ्यांत चार झटके देतो, थांबतो आणि साधारण पाव सेकंदाने पुन्हा चार झटके देतो. त्यातूनच तो तुटक ठेका जन्मतो. हे सारे उरकल्यावर घंटी वाजते. माणसाला बातमी मिळण्यापूर्वी दोन-तीन सेकंद यंत्रांची बोलणी सुरू झालेली असतात आणि स्पीकर ती फोडतो. काही वेळा कॉल न येताच अशी खरखर होई, तेव्हा फोन ‘मी अजून इथेच आहे’ अशी आपली नियमित नोंद मनोऱ्याकडे करीत असे.

आता प्रश्न उरला अ‍ॅम्प्लिफायरचा. फोन उघडझाप करीत असला, तरी ती उघडझाप आवाजात कोण बदलते?

९०० मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. तिचा चतुर्थांश म्हणजे साधारण आठ सेंटिमीटर, बोटभर लांबीची तार. स्पीकरची वायर, रेडिओपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची जोडणी, आतल्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा यांतले काहीही या तरंगांसाठी अँटेनाचे काम करू शकते. तरंग आत आला की तो पहिल्याच ट्रान्झिस्टरच्या संधीपाशी पोचतो. ही संधी अर्धवाहकाची असते आणि तिच्यात दाब व प्रवाह यांचे नाते सरळ रेषेचे नसून वक्र असते. तरंगाच्या वरच्या झोक्याला ती जितका प्रवाह सोडते, तितका खालच्या झोक्याला आवरत नाही. सरळ रेषेच्या घटकात वरचे आणि खालचे झोके एकमेकांना फेडून सरासरी शून्य होते. वक्र घटकात हिशेब जुळत नाही, थोडी शिल्लक राहते.

विद्यार्थ्यांना हे एका ओळीत दाखवता येते. वक्रतेचे पहिले पद वर्गाचे असते. तरंग A कोसाइन (ωt) असा मानला, तर त्याच्या वर्गातून दोन भाग निघतात: एक दुप्पट वारंवारतेचा, जो अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाक्याबाहेर आहे, आणि दुसरा A चा वर्ग भागिले दोन, जो स्थिर आहे. फोनची पाळी असेल तेव्हा ही शिल्लक जमा होते, पाळी नसेल तेव्हा शून्यावर येते. म्हणजे संधीच्या पलीकडे सेकंदाला २१७ वेळा उठणारा-बसणारा प्रवाह मिळतो. हा प्रवाह अगदी शुद्ध श्राव्य विद्युतसंदेश आहे. तिथून पुढे अ‍ॅम्प्लिफायर कर्तव्यदक्षपणे त्याला शेकडो पटींनी वाढवून स्पीकरकडे पाठवतो. चंडीपाठ आणि फोनची उघडझाप यांत भेद करायला त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

या ठिकाणी कोलकात्याचा उल्लेख नुसता स्थळापुरता राहत नाही. १८९५ मध्ये याच शहरातील प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी सुमारे ६० गिगाहर्ट्झचे, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचे विद्युतचुंबकीय तरंग दोन भिंतींपलीकडे २३ मीटर अंतरावर पोचवून घंटा वाजवली होती आणि बारूद पेटवली होती. अशा तरंगांची चाहूल घेणारे साधन शोधता शोधता ते गॅलेना या शिशाच्या खनिजापर्यंत पोचले. खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक हलके टेकवले की त्या स्पर्शबिंदूपाशी दाब आणि प्रवाह यांचे नाते वक्र होते आणि अदृश्य, अश्राव्य तरंगातून मोजता येईल अशी शिल्लक उरते. १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना या शोधकाचे अमेरिकी पेटंट २९ मार्च १९०४ रोजी मिळाले. अर्धवाहकाच्या साधनाला मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांत त्याची गणना होते.

बोसांनी जे काम स्फटिकाकडून मुद्दाम करवून घेतले, तेच अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्झिस्टर नकळत करून बसतो. तसे पाहिले तर खरखरणारा प्रत्येक स्पीकर हा एक अनाहूत रेडिओ-ग्राहक आहे. आणखी एक योग असा की, भारतातला पहिला मोबाइल कॉलही मध्य कोलकात्यातूनच झाला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. ते जाळे जीएसएमचेच होते. बोसांच्या प्रयोगाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

यंत्रणा कळली की उपायही त्यातूनच निघतो. वक्र संधीतून उरणारी शिल्लक तरंगाच्या आयामाच्या वर्गाच्या, म्हणजे त्याच्या शक्तीच्या प्रमाणात असते. आणि अंतर दुप्पट केले की पोचणारी शक्ती चौथाईवर येते. अगदी जवळ तर त्याहूनही वेगाने घटते. स्पीकरला चिकटलेला फोन हातभर दूर नेला की खरखर एकाएकी मरते, याचे कारण हेच. दुसरा उपाय तरंगाला दाराशीच अडवण्याचा: वायर आखूड ठेवणे, तिच्यावर फेराइटचे कडे चढवणे, अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी लहानसा कपॅसिटर लावून उच्च वारंवारतेला परस्पर जमिनीची वाट दाखवणे, पेटीला धातूचे कवच देणे. ध्वनियंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना हे उपाय ठाऊक असतात, मग त्यामागचे समीकरण त्यांनी पाहिलेले असो वा नसो.

पण श्रवणयंत्राच्या बाबतीत ‘फोन दूर ठेवा’ हा सल्ला क्रूर ठरतो. कानामागे बसणाऱ्या त्या इवल्या पेटीत मायक्रोफोन, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकत्र दाटीवाटीने बसवलेले असतात. आणि फोन कानाशी नेणे हीच तर फोनवर बोलण्याची रीत. जगात सर्वांत जवळ आणून वापरायचा जीएसएम प्रक्षेपक आणि जगात सर्वांत जवळ आणून वापरायचा अ‍ॅम्प्लिफायर हे एकाच कानापाशी समोरासमोर येत. ही तक्रार एका घरापुरती नव्हती. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने टेलिफोन श्रवणयंत्राशी जुळणारे असावेत असे बंधन घातले होते, पण मोबाइलला त्यातून सूट होती. २००३ मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ती सूट मर्यादित केली आणि कमी व्यत्यय आणणारे फोन टप्प्याटप्प्याने बाजारात आणणे उत्पादकांना भाग पाडले. फोन आणि श्रवणयंत्र या दोहोंची व्यत्ययाच्या कसोटीवर प्रतवारी करण्याची पद्धतही रुळली. तोवर अनेकांनी तेच केले होते, जे कोलकात्यातल्या त्या शिक्षकांनी केले: यंत्रांमधला बेबनाव स्वतःच्या कानावर घेतला आणि फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

नातीने आजोबांना समीकरण सांगितले नाही. तिने फक्त फोन अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवून स्पीकरमधली खरखर ऐकवली, मग तोच फोन कानाशी धरायला सांगितला आणि विचारले, “दादू, हाच आवाज ना?” आजोबा बराच वेळ ऐकत राहिले. “म्हणजे माझा कान नाही?” त्यांनी विचारले. “कान नाही, दादू. तुमचं यंत्र रेडिओ झालंय.”

त्यानंतर घरात फोनचा लाउडस्पीकर चालू करून तो टेबलावर, हातभर अंतरावर ठेवण्याची रीत पडली. श्रवणयंत्राला आवाज हवेतून मिळू लागला, तरंग मात्र क्षीण होऊन पोचू लागले. काही दिवसांनी घरात सीडीएमए पद्धतीचा फोनही आला आणि तो कानाशी धरला तरी गुरगुर जवळजवळ नव्हती. त्या पद्धतीत फोन पाळीने उघडझाप न करता बोलणे चालू असेतो सलग प्रक्षेपण करतो आणि त्याची कमाल शक्तीही जीएसएमच्या २ वॅटच्या तुलनेत ०.२ वॅटच्या घरात असते. यात दोन गोष्टी एकदम बदलल्या हे खरे. म्हणून हा प्रयोग पहिल्याइतका निर्णायक म्हणता येणार नाही. पण आजोबांना निर्णायक प्रयोग नको होता. त्यांना मुलाशी बोलायचे होते.

पुढे थ्रीजी आले, मग फोरजी. थ्रीजीचे फोनही सलग प्रक्षेपण करत. फोरजीचा फोन थांबत-थांबत बोलतो खरा, पण त्याची कमाल शक्ती जीएसएम फोनच्या साधारण दहावा हिस्सा आणि त्याच्या झटक्यांना तसा एकसुरी ठेकाही नाही. शिल्लक शक्तीच्या प्रमाणात असल्याने व्यत्ययाचा प्रवाहही दहावा हिस्साच उरतो. आज पंधरा वर्षांच्या मुलाला ‘टक्-टक्-टर्र’ म्हणजे काय ते सांगून कळत नाही.

तरी हा आवाज इतिहासजमा झाला असे समजणे घाईचे होईल. पहिल्या कॉलला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, ३१ जुलै २०२० रोजी, मुकेश अंबानी यांनी टूजीला निरोप देण्याचे आवाहन केले तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या ग्राहकांची संख्या तीस कोटी सांगितली होती. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू केली, तीही याच वर्गासाठी. भाजीच्या गाडीवर ‘रुपये प्राप्त झाले’ असे बोलणारा साउंडबॉक्स पाहा. त्याच्या आत सिमकार्ड आहे, प्रक्षेपक आहे आणि त्यापासून बोटभर अंतरावर अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर आहे. काही साउंडबॉक्स टूजी जाळ्यावरच चालतात. ते खरखरत नसतील, तर आतल्या पट्टीवर कुणीतरी कवच, कपॅसिटर आणि तांब्याच्या रेघांची मांडणी यांचा नीट विचार केलेला आहे. चांगल्या अभियांत्रिकीचा बराचसा भाग असा ऐकू न येण्यातच असतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. खरखर ऐकू येत नाही याचा अर्थ तरंग थांबले असा होत नाही. ते कानाच्या कक्षेतून गेले, आकाशातून नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, दूरच्या दीर्घिकांतून येणारे क्षीण रेडिओ तरंग टिपते. तिच्या आवारात येणाऱ्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात. हा नियम शिस्तीचा भाग वाटू शकतो. पण एक साधे गणित त्याची गरज दाखवून देते.

२ वॅटचा एक जीएसएम फोन चंद्रावर ठेवला आणि तो सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करतो असे मानले. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर. त्या त्रिज्येच्या गोलाचे क्षेत्रफळ सुमारे १.८५ गुणिले १० चा १८ वा घात इतके चौरस मीटर. फोनची शक्ती त्यावर पसरली आणि ती २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात वाटली गेली, तर पृथ्वीवर दर चौरस मीटरला, दर हर्ट्झमागे, सुमारे ५.४ गुणिले १० चा उणे २४ वा घात इतके वॅट पोचतील. रेडिओ खगोलशास्त्राच्या भाषेत हे सुमारे ५४० जान्स्की झाले. फोन आठातली एकच पाळी बोलतो हे धरले तरी सरासरी ६७ जान्स्की उरतात. दूरच्या दीर्घिकांचे मोजमाप एक-सहस्रांश जान्स्कीत आणि त्याहून लहान एककांत होते. चंद्रावरचा एक फोन हजारो दीर्घिकांपेक्षा तेजस्वी दिसेल, तर मग दुर्बिणीच्या कुंपणापलीकडच्या फोनबद्दल वेगळे सांगायला नको. शिवाय प्रबळ तरंग ग्राहकाच्या आतल्या घटकांना त्यांच्या वक्र भागात ढकलतो आणि मग तेच वर्गाचे पद, जे कोलकात्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २१७ चा सूर काढत होते, इथे आकाशात नसलेले संकेत उत्पन्न करू शकते. उत्तर कोलकात्यातले घर आणि खोडदची दुर्बीण यांना एकच व्याधी आहे. फरक फक्त कशाचा आवाज बुडतो एवढाच.

म्हणून व्यत्ययाचा विचार करताना ‘बिघाड कोणात?’ हा प्रश्न बहुधा चुकीचा ठरतो. तो फोन निर्दोष होता. त्याने आपल्या पाळीला आपले काम केले. श्रवणयंत्र निर्दोष होते. त्याने दारात आलेला प्रत्येक संदेश मोठा केला. आणि कान तर त्या कथेत कुठेच नव्हता. तरी दोष येऊन पडला तो ज्याला यंत्राची भाषा कळत नव्हती त्याच्या माथ्यावर, कारण दोन यंत्रे शेजारी आल्यावर काय होईल हे तपासणे कोणाच्याच कामात धरलेले नव्हते. आता ते काम मानकांच्या रूपाने ठरलेले आहे. पण फोन, घड्याळे, मीटर, दिवे अशी प्रक्षेपण करणारी साधने घराघरांत वाढत असताना ते संपले, असे कधीच म्हणता येणार नाही.

ज्यांच्या घरी अजून टूजीचा साधा फोन आणि जुना स्पीकर असेल, त्यांनी एकदा हा प्रयोग करून पाहावा: कॉल लावावा, फोन स्पीकरशेजारी ठेवावा आणि हार्मोनियमवर किंवा तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर सूर जुळवावा. पांढरी सहाच्या किंचित खाली २१७ हर्ट्झचा तो स्वर सापडेल. मग फोन वीतभर, हातभर, दोन हात असा दूर नेत तो विरताना ऐकावा. पाठ्यपुस्तकातला व्यस्त वर्गाचा नियम आणि ट्रान्झिस्टरची वक्रता इतक्या कमी खर्चात सहसा एकत्र भेटत नाहीत.

कोलकात्याच्या त्या घरात महालयाच्या पहाटे रेडिओ अजून लागतो. तिथला फोन आता फोरजीचा आहे आणि तो कुठेही ठेवला तरी स्पीकर कुरकुरत नाही. तरीही पाठ सुरू होण्यापूर्वी कुणीतरी उठून तो अ‍ॅम्प्लिफायरवरून उचलतो आणि हातभर दूर, टेबलावर नेऊन ठेवतो.